ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींच्या गोष्टी आणि मुलांची चित्रपुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न-सिडनीकडच्या मराठी घरांत मूल एक दिवस शाळेतून येतं आणि पाणी पिऊन टाकणाऱ्या बेडकाची, नाहीतर डोंगर फोडणाऱ्या सापाची गोष्ट सांगू लागतं. आईबाबांना ती ठाऊक नसते, आणि व्हिडिओ कॉलवर आजी विचारते, "ही कुठली गं गोष्ट? कुणाची?" आजीचा दुसरा प्रश्न या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. खालची बरीचशी उत्तरं त्याच्याच भोवती फिरतात.

"ॲबोरिजिनल" म्हणायचं, "आदिवासी" म्हणायचं की आणखी काही?

मराठीत "आदिवासी" म्हटलं की डोळ्यांपुढे मेळघाट, जव्हार, गडचिरोली येतं. ते चित्र तिकडे चालत नाही. २०२१च्या जनगणनेत ८ लाख १२ हजार ७२८ जणांनी आपण ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे मूळनिवासी असल्याचं नोंदवलं. त्यांत वकील आहेत, रग्बीपटू आहेत, खासदार आहेत, सिडनीच्या उपनगरात राहणारे शाळामास्तर आहेत. मी "मूळनिवासी" किंवा "ॲबोरिजिनल लोक" म्हणते. "ॲबोरिजिनी" हे जुनं नाम आता तिथे अपमानकारक वाटतं, ते टाळा.

पण सगळ्यात बरं म्हणजे त्या त्या लोकांचं स्वतःचं नाव घेणं: लार्डिल, बार्डी, नुंगार, गुनाइकुर्नाइ. १७८८ साली इंग्रजांची पहिली जहाजं लागली तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. "ॲबोरिजिनल कथा" म्हणणं हे "आशियाई कथा" म्हणण्याइतकंच ढोबळ आहे.

"ड्रीमटाइम" म्हणजे स्वप्नातला काळ का?

नाही. हा शब्दच भाषांतराच्या गडबडीतून आला. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरेर्न्टे लोकांचा एक शब्द एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोऱ्या अभ्यासकांनी इंग्रजीत आणताना "स्वप्नकाळ" असा केला आणि तो चिकटला. उलुरू या वाळवंटातल्या प्रचंड खडकाभोवतीचे अणंगु लोक त्याला चुकुर्पा म्हणतात, वार्लपिरी लोक जुकुर्पा. त्यात सृष्टीची उत्पत्ती आहे, नातेसंबंधांचे नियम आहेत, कुठे पाणी मिळेल हे आहे, कोणी कोणाशी लग्न करायचं हेही आहे. शिवाय तो काळ संपलेला नाही. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९५०च्या दशकात त्यासाठी "सदासर्वकाळ" अशा अर्थाचा एक नवा इंग्रजी शब्दच घडवला.

म्हणून "फार फार वर्षांपूर्वी" या सुरुवातीला थोडं जपून. आपली "आटपाट नगर होतं" ही सुरुवात तर इथे मुळीच बसत नाही. आटपाट नगर नकाशावर कुठेच नसतं. या गोष्टींतली जागा मात्र बहुतेक वेळा गाडी काढून पाहून येता येते.

मग यांना दंतकथा म्हणायचं, पुराण की लोककथा?

मला विचाराल तर आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द "स्थळपुराण". त्र्यंबकेश्वराला गोदावरी कशी उतरली, ही टेकडी कुणाच्या पायाने झाली, हे कुंड कुणाच्या बाणाने फुटलं: अशी गोष्ट जागेपासून सुटी करता येत नाही.

लोणारचं उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर उल्काघातानं झालं हे आता आपण शाळेत शिकतो. गावात मात्र लवणासुराची गोष्ट सांगतात. विष्णूने त्याला मारला, म्हणून तिथे दैत्यसूदनाचं देऊळ. आता मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाच्या पश्चिमेला चला. तिथे त्नोराला नावाचा डोंगरांचा एक गोल कडा आहे. तोही अवकाशातून येऊन आदळलेल्या पिंडाने झालेला, सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिम अरेर्न्टे लोक सांगतात, की आकाशगंगेत बायका तारे होऊन नाचत होत्या. एकीने आपलं बाळ लाकडी परातीसारख्या पाळण्यात ठेवलं, तो कलंडला आणि बाळ पृथ्वीवर पडलं. त्याच्यावर पाळणा पडला, त्याच्या धक्क्याने खडक वर उचलले गेले. बाळाचे आईबाप म्हणजे पहाटेची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी. ते अजून त्याला शोधताहेत.

दोन्हीकडे आकाशातून काहीतरी पडलं आहे. पण आपल्या गोष्टीत असुर मरतो आणि त्यांच्या गोष्टीत बाळ हरवतं. मला ती दुसरी ऐकल्यावर काही दिवस शुक्राकडे पाहवेना.

या गोष्टी छापायला सुरुवात कुणी केली?

गोऱ्यांनी. आणि इथे कौतुक आणि तक्रार दोन्ही एकाच दमात करावी लागते.

कॅथरीन लँगलो पार्कर ही न्यू साउथ वेल्समध्ये नॅरन नदीकाठच्या बँगेट नावाच्या मेंढवाड्यावर राहणारी बाई. लहानपणी नदीत बुडताना तिला मिओला नावाच्या ॲबोरिजिनल मुलीने वाचवलं. तिच्या दोन बहिणी मात्र बुडाल्या. पुढे तिने शेजारच्या युवालाराय लोकांकडून, मुख्यतः बायकांकडून, गोष्टी ऐकल्या, लिहून घेतल्या आणि १८९६ साली लंडनहून पुस्तक काढलं. त्या काळात एवढी आस्था दाखवणारे थोडे होते. पण मुखपृष्ठावर नाव एकटीचं. त्या पुस्तकातून निवडलेल्या गोष्टींची १९५३ची आवृत्ती १९५४ साली ऑस्ट्रेलियाच्या बालसाहित्य परिषदेचं पारितोषिक मिळवून गेली. गोष्टी सांगणाऱ्या बायकांना त्याचं काय?

डेव्हिड युनायपन यांची कथा याहून वाईट. ते न्गारिंजेरी लोकांचे, उपदेशक आणि संशोधक. मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्रात त्यांनी सुधारणा केली होती. १९२०च्या दशकात त्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गोष्टी गोळा करून लिहिल्या. प्रकाशकाने ती हस्तलिखितं विल्यम रॅमसे स्मिथ नावाच्या डॉक्टरला विकली आणि १९३० साली ती स्मिथच्या नावाने छापली गेली. युनायपन यांचं नाव कुठेही नाही! १९९५पासून ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, पण स्वतःचं पुस्तक स्वतःच्या नावाने छापून यायला २००१ साल उजाडलं. तोवर त्यांना जाऊन ३४ वर्षं झाली होती.

मग मूळनिवासी लेखकाचं पहिलं गाजलेलं चित्रपुस्तक कोणतं?

इथे डिक रफसी यांच्याजवळ थांबायलाच हवं. कार्पेंटेरियाच्या आखातातल्या मॉर्निंग्टन बेटांकडचे ते लार्डिल. मूळ नाव गूबलथल्दिन. त्याचा अर्थ खवळलेल्या समुद्राशी जोडलेला, आणि इंग्रजी आडनावही त्या अर्थावरूनच पडलं. मिशनच्या वसतिगृहात बालपण, मग गुरांमागे, बोटींवर, पडेल ते काम. १९६०च्या दशकात पर्सी ट्रेझीस या विमानचालकाशी त्यांची गाठ पडली. ट्रेझीस यांना ईशान्येकडच्या केप यॉर्क द्वीपकल्पातल्या गुहाचित्रांचं वेड. दोघं मिळून लॉरा गावाजवळच्या कडेकपाऱ्या धुंडाळू लागले आणि त्यातून पुस्तकं जन्मली.

१९७५ साली रफसी यांचं "द रेनबो सर्पंट" आलं आणि त्याच बालसाहित्य परिषदेचं १९७६चं सर्वोत्तम चित्रपुस्तकाचं पारितोषिक त्याला मिळालं. पार्करबाईंच्या पुस्तकाला मिळालेल्या पारितोषिकानंतर बावीस वर्षांनी. यावेळी गोष्ट सांगणारा, चित्रं काढणारा आणि बक्षीस घेणारा एकच माणूस होता, आणि तो स्वतः मूळनिवासी होता.

गोष्ट अशी. पृथ्वी सपाट होती. गूरियाला नावाचा प्रचंड साप आपल्या माणसांचा शोध घेत उत्तरेकडे निघाला. तो सरपटला तिथे नद्या झाल्या, थांबला तिथे डोह. शेवटी नाचगाण्याच्या मेळ्यात त्याला आपली माणसं भेटली. त्याने त्यांना नाच शिकवला, अंग सजवायला शिकवलं. मग वादळ आलं. आसरा शोधणारी दोन पोरं त्याच्या उघड्या तोंडाला आडोसा समजून आत आली आणि त्याने ती गिळली. घाबरून तो एका डोंगरावर पळाला. लोकांनी झोपेत त्याचं पोट फाडलं, तर आतून पोरांऐवजी रंगीबेरंगी पोपट उडाले. साप जागा झाला, पोट बघून भडकला आणि त्याने डोंगराच्या चिंधड्या केल्या. ते तुकडे आज तिथल्या टेकड्या आहेत. घाबरलेली माणसं पशुपक्षी झाली आणि साप समुद्रात गेला.

लक्षात घ्या, इथे खलनायक नाही. सापाने शिकवलंही आणि गिळलंही. मुलं हे सहज पचवतात, "तो चांगला होता की वाईट?" हा प्रश्न बहुधा मोठ्यांनाच पडतो. चित्रंही पाहा: क्षितिज लांब, माणसं इवलीशी, साप पानभर. जमीनच नायक आहे हे शब्दांआधी चित्र सांगतं.

इंद्रधनुषी साप सगळ्यांचा एकच आहे का?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज शाळांनीच पसरवला. रफसी यांचा गूरियाला केप यॉर्कच्या डोंगरांतला. त्यांच्या स्वतःच्या लार्डिल लोकांचा साप थुवाथु. पावसात त्याच्या बहिणीने आपल्या बाळासाठी त्याच्या झोपडीत जागा मागितली, त्याने दिली नाही आणि बाळ गेलं. बहिणीने झोपडी पेटवली. जळत्या अंगाने तडफडत तो सरपटला आणि बेटावरची नदी झाली. ही गोष्ट आप्तांशी कसं वागावं याची आहे, पहिलीशी तिचा तोंडवळासुद्धा जुळत नाही. पश्चिम वाळवंटातले आणि उत्तरेकडच्या अर्नहेम लँडमधले साप आणखी निराळे. "ॲबोरिजिनल लोकांचा एक इंद्रधनुषी सर्प असतो" असं वाक्य पुस्तकात दिसलं, तर कुणाचा ते लगेच शोधा.

बेडकाची गोष्ट, तिद्दालिक, खरी आहे ना? ती तर सगळीकडे दिसते.

खरी आहे, पण अर्धी. व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेकडच्या गिप्सलँडमधले गुनाइकुर्नाइ लोक तिचे मालक. बेडकाने जगातलं सगळं पाणी प्यायलं, त्याला हसवल्याशिवाय ते सुटणार नव्हतं, प्राण्यांनी नाना सोंगं केली, शेवटी ईल मासा शेपटीवर उभा राहून नाचला आणि बेडूक खदाखदा हसला. बहुतेक चित्रपुस्तकं इथे टाळ्या घेऊन संपतात.

एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलेल्या कथेत मात्र पुढे पूर येतो, माणसं बुडतात, काही बेटांवर अडकतात. पेलिकन होडी घेऊन त्यांना सोडवायला येतो, आणि एका बाईवर त्याचा डोळा असतो. ती आपल्या पांघरुणात ओंडका गुंडाळून ठेवते आणि निसटते. फसलेला पेलिकन लढाईसाठी अंगाला पांढरी माती फासू लागतो. अर्धा रंगवून झालेला असताना दुसरा पेलिकन येतो, हे कसलं ध्यान म्हणून चोच मारतो आणि त्याला ठार करतो. तेव्हापासून पेलिकन काळेपांढरे. हे भाग चार वर्षांच्या मुलासाठी गाळले तर समजू शकते. मात्र गोष्टीतून गुनाइकुर्नाइ हे नावच गाळणारी पुस्तकं मी बाजूला ठेवते.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पक्ष्यांना रंग कसे मिळाले ही गोष्ट. वायव्येकडच्या किंबर्ली भागातल्या बार्डी लोकांच्या मेरी अल्बर्ट यांनी ती सांगितली, पामेला लॉफ्ट्स यांनी पुस्तकाचं रूप दिलं आणि १९८३ साली ते आलं. चित्रं तिथल्याच मुलांच्या चित्रांवरून घेतलेली. आधी सगळे पक्षी काळे. कबुतराच्या पायात काटा रुतला, पाय सुजला. सगळे पक्षी धावले, कावळा तेवढा लांब उभा. पोपटाने चोचीने फोड फोडली आणि आतून रंगांची चिळकांडी उडाली. जवळ होते त्यांना रंग मिळाले. कावळा काळाच राहिला.

आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीतही कावळ्याच्या वाट्याला शेणाचं घर येतं. कावळ्यावर हा अन्याय दोन खंडांत कसा काय, असं एका पोराने मला विचारलं होतं. उत्तर सुचलं नाही.

जरा मोठ्या मुलांना ग्रेग ड्राइस आवडतात. ते कामिलरोइ आणि युवालाराय, म्हणजे पार्करबाईंनी ज्यांच्या गोष्टी घेतल्या त्याच लोकांतले. २०१४च्या "सिली बर्ड्स"मध्ये गरुडाचं पोर टवाळ रानकोंबड्याच्या नादी लागतं. मोरोपंतांचं "सुसंगति सदा घडो" ज्या घरात पाठ करून घेतात, त्या घरात हे पुस्तक लगेच रुळेल. मला स्वतःला उपदेश जरा जास्त वाटतो, पण चित्रांतला विनोद तो सांभाळून घेतो.

मेलबर्नला राहत असाल तर "विलम" घ्या (२०१९). वुरुंजेरी ज्येष्ठ आंटी जॉय मर्फी आणि अँड्र्यू केली यांनी लिहिलेलं, चित्रं लिसा केनेडी यांची. नदी उगमापासून समुद्रापर्यंत जाते, एवढंच. ही नदी म्हणजे बिरारंग, ज्या यारा नदीवरून तुमची ट्राम रोज जाते ती. "आंटी" हे नाव नव्हे. तो ज्येष्ठांना द्यायचा मान आहे, आपण मावशी किंवा आजी म्हणतो तसा. मुलांना तो उच्चारायला लावा, गाळू नका.

मुलं घाबरतील का?

काही गोष्टींना घाबरतील, आणि त्या त्यासाठीच आहेत. रफसी आणि ट्रेझीस यांच्या १९७८च्या "द क्विंकिन्स"मध्ये दोन जातीची भुतं आहेत: उंच, काटकुळे, थट्टेखोर तिमारा आणि पोरं पळवणारे ढेरपोटे इम्जिम. रात्री तळ सोडून भटकू नकोस, हे सांगायची ती रीत. आपल्याकडचा बागुलबुवा तरी दुसरं काय करतो? क्विंकिनांची चित्रं केप यॉर्कच्या खडकांवर खरोखरच आहेत. झोपायच्या वेळी वाचू नका, दुपारी वाचा.

गोष्टी मध्येच तुटल्यासारख्या का वाटतात?

कारण बऱ्याचदा तुम्हाला दिला जातो तो गोष्टीचा उंबरठा. एकाच कथेचे थर असतात: पोरांना सांगायचा, दीक्षा झालेल्यांना सांगायचा, फक्त बायकांचा, फक्त पुरुषांचा. उलुरू इथे कुनिया ही अजगरीण आणि लिरु हे विषारी साप यांच्या लढाईची गोष्ट पाहुण्यांना सांगतात. खडकावरच्या खुणाही दाखवतात. पण त्याच खडकाच्या काही बाजूंचे फोटो काढू नयेत अशी विनंती आहे, कारण त्या जागांच्या गोष्टी जिथल्या तिथेच ऐकायच्या असतात. चित्रपुस्तकात येतो तो उघडा भाग. "पुढे काय झालं?" असं मुलाने विचारलं, तर "पुढचं त्यांच्या घरचं आहे" हे उत्तर पुरेसं आहे. आपल्याकडे गुरुमंत्र कुणी शेजाऱ्याला सांगत नाही.

चित्रांत ठिपकेच ठिपके का असतात? मुलांकडून तशी चित्रं काढून घेऊ का?

ठिपक्यांची शैली पश्चिम वाळवंटातली. १९७१ साली पपुन्या या वस्तीतल्या ज्येष्ठ पुरुषांनी वाळूवर आणि अंगावर काढायच्या आकृत्या फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली. त्यातल्या काही खुणा परक्या नजरेस पडू नयेत, म्हणून वर ठिपक्यांचा पडदा आला असं सांगतात. अर्नहेम लँडमध्ये बारीक आडव्यातिडव्या रेघांचं जाळं असतं, प्राण्यांची हाडंकाळजं दिसतील अशी चित्रं असतात. किंबर्लीत मोठ्या डोळ्यांचे, तोंड नसलेले वांजिना. तेव्हा गिप्सलँडच्या बेडकाला वाळवंटी ठिपके लावलेलं पुस्तक म्हणजे पैठणी नेसून लावणी नाचणारा यक्षगानवाला.

वारलीचं आपल्याकडे काय झालं ते आठवा. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, मध्ये पालघट देवी. तीच चित्रं आता कपांवर, कुर्त्यांवर, मॉलच्या भिंतीवर. जिव्या सोमा मशे यांचं नाव तरी लोकांना ठाऊक झालं. कपावर कुणाचंच नाव नसतं. वर्गात मुलांकडून "ॲबोरिजिनल आर्ट" म्हणून ठिपके काढून घेण्याऐवजी स्वतःच्या गल्लीचा, शाळेच्या वाटेचा नकाशा त्यांच्या स्वतःच्या खुणांनी काढून घ्या. वरून पाहिलेली जमीन कशी दिसते, हे त्यातून कळतं.

पुस्तक चांगलं की उसनं, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

मुखपृष्ठ सोडा, आतलं बारीक अक्षरातलं पान उघडा. कुठल्या लोकांची गोष्ट, कुठल्या जागेची, कुणी सांगितली, कुणाच्या परवानगीने छापली, आणि हक्क कुणाच्या नावावर आहेत, हे तिथे मिळायला हवं. "एका ॲबोरिजिनल दंतकथेवर आधारित" एवढंच असेल तर परत ठेवा. लेखक गोरा आहे म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. रफसींसोबत ट्रेझीस होतेच. सांगणारा कुठे आहे, हे बघायचं.

न विचारता लिहिलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण २०२४चं. एका प्रसिद्ध ब्रिटिश शेफच्या मुलांसाठीच्या कादंबरीत ॲलिस स्प्रिंग्जजवळची एक मूळनिवासी मुलगी होती, पण तिच्या तोंडचे शब्द मात्र न्यू साउथ वेल्सकडच्या गामिलराय भाषेतले. हे म्हणजे चंद्रपूरच्या गोंड मुलीला तुळू बोलायला लावणं. मूळनिवासींचा सल्ला प्रकाशकाने घेतलाच नव्हता. टीका झाली आणि पुस्तक बाजारातून मागे घ्यावं लागलं.

भरवशाचे प्रकाशक कोणते?

वायव्येकडच्या ब्रूम गावचं मगबाला बुक्स, १९८७ पासून, संपूर्णपणे मूळनिवासींच्या मालकीचं. मगबाला हे तिथल्या एका रानवेलीचं फळ. पिकलं की फुटतं आणि बिया वाऱ्यावर दूर उडतात. प्रकाशनसंस्थेला याहून चांगलं नाव मला माहीत नाही. कॅनबेराची ॲबोरिजिनल स्टडीज प्रेस आणि ॲलिस स्प्रिंग्जची आयएडी प्रेस यांची जुनी पुस्तकंही वाचनालयांत सापडतात. इंडिजिनस लिटरसी फाउंडेशन दुर्गम वस्त्यांतल्या मुलांचीच पुस्तकं त्यांच्याच भाषांत काढतं. २०२४ साली त्याला स्वीडनचा आस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार मिळाला.

मूळ भाषेतली पुस्तकं आहेत का?

आहेत, आणि माझ्या मते हाच यातला सगळ्यात आनंदाचा भाग. १९७३ पासून नॉर्दर्न टेरिटरीत द्विभाषिक शाळा सुरू झाल्या आणि शिक्षकांनी, आज्यांनी, पोरांनी मिळून स्थानिक भाषांत पातळ पातळ पुस्तकं छापली. पुढे धोरण बदललं, बऱ्याच शाळांतलं द्विभाषिक शिकवणं बंद पडलं, पुस्तकं कपाटांत गेली. चार्ल्स डार्विन विद्यापीठाने त्यांतली कितीतरी स्कॅन करून सगळ्यांना खुली केली. "लिव्हिंग आर्काइव्ह ऑफ ॲबोरिजिनल लँग्वेजेस" असं शोधा.

"मामांग"ची (२०११) हकिगत सांगायलाच हवी. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या नुंगार लोकांनी १९३१ साली गेरहार्ट लावेस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाला गोष्टी सांगितल्या होत्या. त्याच्या वह्या पुढे कित्येक दशकं अमेरिकेत पडून राहिल्या. त्या परत आल्यावर कादंबरीकार किम स्कॉट आणि सांगणाऱ्यांचे वारस एकत्र बसले, मोठ्याने वाचून शब्द पुन्हा जिवंत केले, आणि मगच नुंगार आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पुस्तक काढलं. गोष्ट देवमाशाच्या पोटात बसून गाणं म्हणणाऱ्या माणसाची. तो देवमाशाचं काळीज दाबतो, गातो आणि किनाऱ्याला लागतो. आधी घरी परत, मग छापखान्यात: हा क्रम पार्करबाईंच्या अगदी उलटा आहे.

आपल्या गोष्टींशी काही नातं आहे का?

नातं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आकाश मात्र सामायिक आहे. कृत्तिकांचा पुंजका त्यांच्याकडे सात बहिणी. अणंगु लोकांच्या गोष्टीत वाती न्यिरु नावाचा पुरुष त्यांच्या मागे लागतो, त्या वाळवंटभर पळतात आणि अखेर आकाशात जातात. पाठलाग करणारा आपल्या मृग नक्षत्राच्या ताऱ्यांत आहे. त्याच मृगात आपणही शिकार पाहतो, फक्त आपल्याकडे बाण लागलेलं हरीण आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गच्चीवर दोन्ही सांगून बघा.

शनिवारच्या मराठी शाळेत या गोष्टी सांगितल्या तर चालेल? भाषांतर करून छापलं तर?

तोंडी सांगा, पुस्तक समोर धरून, लोकांचं आणि सांगणाऱ्याचं नाव घेऊन. छापायचं किंवा व्हिडिओ टाकायचा असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागेल, आणि खरं तर त्या समाजाचीही. ऑस्ट्रेलियाचा कॉपीराइट कायदा व्यक्तीच्या मालकीचा विचार करतो, लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं मोजतो. हजारो वर्षं जपलेल्या समाईक गोष्टीला त्यात नीट जागाच नाही. म्हणून "जुनी गोष्ट आहे, हक्क संपले" हा युक्तिवाद कायद्यात बसला तरी माणसांपुढे टिकत नाही. नाटक बसवताना चेहऱ्यावर काळा किंवा पांढरा रंग फासू नका. आरोळ्या आणि भाले नकोत. प्राण्यांचे मुखवटे पुरतात.

काही पुस्तकांच्या सुरुवातीला निधन पावलेल्यांची नावं किंवा छायाचित्रं आत आहेत अशी सूचना असते. अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत. ती सूचना मुलांनाही वाचून दाखवा.

ही नावं उच्चारायची कशी? इंग्रजी स्पेलिंगवरून तर काहीच कळत नाही.

इथे आपण नशीबवान. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भाषांत ट, ण, ळ हे टाळूवर जीभ वळवून काढायचे आवाज आहेत, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे फे फे उडते. उलुरूकडच्या लोकांच्या नावातला न हा खरा ण आहे, म्हणून मी वर "अणंगु" लिहिलं. रोमन लिपीत त्या अक्षराखाली रेघ मारतात. अशी रेघ दिसली की जीभ वळवायची. त्यांच्या भाषेत लाल कांगारूला मळु म्हणतात आणि एमूला कळाया, दोन्हीत आपला ळ. शाळेतल्या गोऱ्या बाईंना तो जमत नसेल, तर तुमच्या पोराला पुढे करा.